मध्यम किमतीचा मोबाइल : बांधावरची परीक्षा

(द्वितीय वर्ष, कला)

मोबाइल फोनवर वार्षिक अंकात लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. ‘मोबाइल : शाप की वरदान’ हा निबंध आपण शाळेपासून इतक्यांदा लिहिला आहे की, आता त्या शब्दांचाही वीट आला आहे. प्रस्तुत लेखात शाप-वरदानाचा विचार केलेला नाही. फोन ही एक वस्तू आहे, ती पैसे मोजून घ्यावी लागते, आणि बैल किंवा पाण्याची मोटर घेताना आपल्याकडची माणसे जशी चार बाजूंनी पारख करतात तशी फोनचीही करता येते, एवढेच गृहीत धरून मी हे लिहीत आहे.

आमच्या घरी गेल्या वर्षी १७,९९९ रुपयांचा फोन आला. कांद्याच्या एका गाडीची पट्टी हातात आली आणि त्यातून तो घेतला. यातले जवळजवळ २,७४५ रुपये वस्तू व सेवा कराचे, कारण १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर अठरा टक्के कर आहे. पंधरा ते पंचवीस हजारांच्या दरम्यानच्या फोनला बाजारात ‘मध्यम’ म्हणतात. हे ‘मध्यम’ कोणाच्या मिळकतीच्या मानाने, हा प्रश्न मी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर सोपवतो. आमच्याकडे तो फोन चौघे वापरतात : वडील, आई, आठवीतली धाकटी बहीण आणि मी. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. एक तर हा लेख जाहिरात नव्हे. आणि दुसरे म्हणजे या किमतीचे दहा फोन एका ओळीत मांडले तर पाठीमागच्या रंगाखेरीज फारसा फरक दिसत नाही. तेव्हा एकाविषयी लिहिले ते बहुतेकांना लागू पडते.

मोबाइल ही दूर कुठेतरी होणारी वस्तू आहे अशी आपली समजूत असते. परंतु शिरूर तालुक्याने फोन तयार होताना पाहिलेला आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीमुळे ज्ञात असलेल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजी या कोरियन कंपनीचा कारखाना आहे, आणि २००५ च्या सुमारास तेथे मोबाइल फोनची जुळणी सुरू झाली होती. याच कंपनीने डिसेंबर २००६ मध्ये ‘प्राडा’ नावाचा फोन जाहीर केला. हलक्या स्पर्शाने चालणारा काचेचा पडदा असलेला तो पहिला फोन मानला जातो. ॲपल कंपनीचा आयफोन जगाला दाखवला गेला तो त्यानंतर काही आठवड्यांनी, ९ जानेवारी २००७ रोजी. पुढे चिनी कंपन्यांच्या स्पर्धेत एलजी मागे पडली आणि एप्रिल २०२१ मध्ये तिने मोबाइलचा धंदा बंद करीत असल्याचे जाहीर केले. रांजणगावचा कारखाना मात्र घरगुती उपकरणांसाठी चालू राहिला. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनासाठी स्वतंत्र समूहाला मान्यता दिली. फोन वापरणारे आणि फोन बनवणारे, दोन्ही हात आपल्याच भागात असू शकतात, हे लक्षात राहावे म्हणून हा इतिहास सांगितला.

आता पडद्याकडे वळू, कारण टच फोनमध्ये खरे यंत्र तेच. पूर्वीच्या स्वस्त टच फोनमध्ये एकावर एक असे दोन पातळ थर असत. बोट दाबले की ते थर एकमेकांना टेकत आणि कुठे दाबले ते फोनला कळे. नखाने, काडीने, पेनाच्या टोकाने, कशानेही ते चालत. जोर मात्र द्यावा लागे, आणि एका वेळी एकच बोट चाले. आजच्या फोनची रीत निराळी आहे. काचेखाली इंडियम टिन ऑक्साइड यासारख्या पारदर्शक, वीजवाहक पदार्थाची अतिशय बारीक जाळी असते आणि तिच्यात किंचित विद्युतभार असतो. आपले शरीर वीज वाहून नेते. बोट जवळ आले की त्या ठिकाणचा भार थोडासा बदलतो, आणि आतले नियंत्रक यंत्र सेकंदाला शंभराहून अधिक वेळा ही जाळी तपासून बोट कुठे आहे ते ठरवते. म्हणजे फोन आपला दाब मोजत नाही, आपल्या कातडीला ओळखतो.

ही गोष्ट ऐकायला मोठी मौजेची आहे. पण तिचा अर्थ शेतात गेल्यावर कळतो. पाणीही वीज वाहून नेते, त्यामुळे ओल्या पडद्यावर पाण्याचा प्रत्येक थेंब फोनला बोट वाटू शकतो. वडील उसाला पाणी देत असताना फोन वाजला आणि त्यांनी ओल्या हातानेच घेतला, तर कधी तो आपोआप कटतो, कधी भलत्यालाच लागतो. याउलट कातडी कोरडी, जाड, घट्टे पडलेली असेल तर जाळीला तिचा पत्ताच नीट लागत नाही. खुरपणीच्या दिवसांत आई एकाच जागी तीन-तीनदा बोट टेकवते आणि शेवटी बहिणीला हाक मारते. बहिणीच्या बोटाला तोच पडदा तत्काळ दाद देतो. घरातल्या घरात फोन माणसागणिक वेगळा वागतो तो असा. काही फोनमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असते. ती आमच्या फोनमध्येही आहे. पण सेटिंगच्या चौथ्या पानावर, तीही इंग्रजी नावाने. ज्याला तिची गरज आहे तो तिथपर्यंत पोहोचणार कसा?

यापेक्षा मोठा प्रश्न उन्हाचा. पडद्याचा उजेड ‘निट’ या एककात मोजतात, आणि दुकानदार हजार, दोन हजार असे आकडे सांगतो. यातली मेख अशी की, मोठा आकडा हा बहुधा ‘शिखर’ उजेडाचा असतो : पडद्याच्या छोट्याशा भागावर, थोडाच वेळ मिळणारा. संपूर्ण पडदा तेवढा उजळत नाही. दुपारच्या स्वच्छ उन्हात जमिनीवर पडणारा प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. ट्यूबलाइटच्या खोलीत तो दोन-तीनशे लक्सच्या घरात. दुकानात डोळे दिपवणारा पडदा बांधावर आरशासारखा होतो तो याचमुळे. शिवाय फोन तापला की आतली यंत्रणा स्वसंरक्षणासाठी उजेड आपणहून कमी करते. म्हणजे ऊन जितके कडक, तितका पडदा मंद, असा उलटा न्याय.

यात रडण्यासारखे काय आहे, सावलीत उभे राहून पाहावे, असे कोणी म्हणेल. अडचण अशी की, काही कामे सावलीत होतच नाहीत. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी भाऊसाहेब पिकांची नोंद करीत. आता शेतकऱ्याने आपल्या मोबाइलवरून गट क्रमांक, पीक, क्षेत्र, पाण्याचे साधन हे सर्व भरावयाचे आणि पिकात उभे राहून छायाचित्र काढावयाचे. फोन उपग्रहांवरून आपली जागा ठरवतो आणि ती त्या गटाशी जुळते का, हे पाहिले जाते. ही नोंद झाली नाही तर सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना कोरा राहतो. मग पीकविमा, नुकसानभरपाई, हमीभावाची खरेदी या प्रत्येक ठिकाणी तो कोरा रकाना आडवा येतो. अठरा हजारांच्या वस्तूवर एका हंगामाचे कागद अवलंबून असतात. म्हणून पडदा उन्हात वाचता येतो की नाही, हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न राहत नाही.

आमच्या फोनचा पडदा ॲमोलेड जातीचा आहे. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. जुन्या एलसीडी पडद्यात मागे एक दिवा असतो आणि पुढे झडपांसारखी रचना असते. ॲमोलेडमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो, कारण तेथील ठिपके विझलेलेच असतात. उन्हात तो आमच्या आधीच्या स्वस्त फोनपेक्षा नक्कीच बरा दिसतो. परंतु एक युक्ती मला वापरातून कळली ती सांगतो. आजकाल मुले काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे ठेवतात. रात्री ते डोळ्यांना बरे वाटते. शेतात मात्र हे उलटे करून पांढऱ्यावर काळी अक्षरे ठेवावीत. काळ्या पडद्यात आपलेच तोंड दिसते.

जागा ठरवण्याविषयी आणखी थोडे. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशात त्या-त्या उपग्रहाची नेमकी जागा सांगणारी माहिती असते आणि ती पुरती मिळायला अर्धा मिनिट तरी लागतो. इंटरनेट असेल तर फोन हीच माहिती आयती मिळवतो आणि जागा पटकन सापडते. आमच्याकडे भीमेच्या काठाला काही शिवारांत रेंज जाते-येते. तेथे फोन हातात घेऊन उघड्यावर एक-दोन मिनिटे नुसते उभे राहावे, लगेच बटणे दाबत सुटू नये. हे वडिलांना सांगितल्यापासून त्यांची निम्मी चिडचिड कमी झाली.

आकार आणि वजन यांबद्दल कंपन्या काव्य करतात. वस्तुस्थिती अशी की, पडदा ६.७ इंची, लांबी सोळा सेंटिमीटरच्या वर आणि वजन सुमारे १९५ ग्रॅम. वर ज्या प्राडा फोनचा उल्लेख केला त्याचा पडदा तीन इंचांचा आणि वजन ८५ ग्रॅम होते. मोठ्या पडद्याचा फायदा मी नाकारीत नाही. पीडीएफमधील पाठ्यपुस्तक मी त्यावरच वाचतो, आणि लहान पडद्यावर ते वाचणे म्हणजे डोळ्यांशी वैर. पण दौंडहून पुण्याला सकाळच्या गाडीने जाणाऱ्या माझ्या मामांचा अनुभव निराळा आहे. गर्दीत एक हात वरच्या दांडीला असतो. उरलेल्या एका हाताने एवढा फोन धरून अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत नेणे त्यांना जमत नाही. ते आपला जुना लहान फोन सोडावयास तयार नाहीत, आणि मला त्यांचे म्हणणे पटते. शेतकऱ्याच्या सदऱ्याचा वरचा खिसा तर यापेक्षाही तोकडा. वाफ्यावर वाकले की हा लांबट, गुळगुळीत फोन घसरून पाण्यात पडतो. आईच्या लुगड्याला खिसाच नाही. तिने जुन्या कापडाची पिशवी शिवून तिला नाडी लावली आहे आणि फोन गळ्यात अडकवते. सबंध फोनच्या रचनेत मला सर्वांत पसंत पडलेला भाग म्हणजे ती पिशवी!

पाण्यात पडण्यावरून आठवले. फोनच्या खोक्यावर ‘आयपी ५४’ असे लिहिलेले असते. यातला पहिला आकडा धुळीपासूनच्या संरक्षणाचा, दुसरा पाण्यापासूनच्या. ५ म्हणजे धूळ थोडी आत गेली तरी काम बिघडणार नाही. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडालेले शिंतोडे सोसेल. बुडाला तर सोसेल असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी ‘आयपी ६७’ची आहे आणि तिथला दुसरा आकडा ७. दुकानात सरसकट ‘वॉटरप्रूफ’ म्हणून सांगतात, तेव्हा हा दुसरा आकडा जरूर पाहावा.

आता अंगठ्याविषयी. फोन उघडण्यासाठी कडेच्या बटणावर अंगठा टेकवावा लागतो. बटणाखाली पडद्यासारखीच, पण फार बारीक जाळी असते. अंगठ्यावरील उंचवटे तिला टेकतात, त्यांच्यामधल्या चरी टेकत नाहीत, आणि त्या फरकातून ठशाची नक्षी तयार होते. माझा अंगठा क्षणात ओळखला जातो. आईचा बहुतेक वेळा ओळखला जात नाही. कांदा काढणे, ऊस बांधणे, राख-मातीने भांडी घासणे यांनी तिच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशनच्या यंत्रावरही तिला चार-चार वेळा अंगठा ठेवावा लागतो, आणि गावातल्या कितीतरी बायकांची हीच कथा आहे.

माझी आजी निरक्षर होती. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा मी पाहिला आहे. शाईत बुडवलेला, कडेने पसरलेला. आई चौथीपर्यंत शिकली आणि सही करू लागली. ती सही ती आजही एकेक अक्षर जोडून, जिभेचे टोक दातात धरून करते. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आमच्या घराला एक पिढी लागली, आणि आता हे यंत्र तिला म्हणते की सही नको, अंगठा दे. आणि दिला तर म्हणते, हा तुझा नव्हे. मी घरात या गोष्टीवर हसतो, आईही हसते. तरी बँकेचा निरोप आला आणि फोन उघडेना, की तिच्या चेहऱ्यावर जे येते ते मला पाहवत नाही.

यावर तोडगा नाही असे नाही. एकच बोट दोन-तीन वेळा निरनिराळी बोटे म्हणून नोंदवता येते. त्याने ओळख पटण्याची शक्यता वाढते. अंगठ्याऐवजी करंगळीजवळचे बोट नोंदवावे, कारण कामात ते कमी झिजते. नोंदवताना हात धुऊन, किंचित तेल लावून पुसलेला असावा. आईचे ते बोट आता दहापैकी सात-आठ वेळा चालते. खुणेचे आकडे तिला पाठ आहेत, पण चारचौघांत ते दाबायला तिला आवडत नाही.

कॅमेऱ्याचे फार कौतुक होते, म्हणून त्याविषयी थोडक्यात. ‘५० मेगापिक्सेल’ म्हणजे पाच कोटी ठिपके. परंतु नेहमीच्या छायाचित्रात फोन शेजारचे चार-चार ठिपके एकत्र करून एक करतो आणि साडेबारा मेगापिक्सेलचेच चित्र देतो. हे फसवणे नव्हे. इतक्या बारीक ठिपक्यांवर प्रकाश फार थोडा पडतो, चार मिळून तो पुरेसा होतो. चित्र चांगले येणे हे ठिपक्यांच्या संख्येपेक्षा मागच्या संवेदकाच्या आकारावर आणि भिंगावर जास्त अवलंबून असते. पाठीमागे दुसरे जे भिंग दिसते ते दोन मेगापिक्सेलचे, जवळची वस्तू टिपण्यासाठी. पिकावरची कीड टिपून कृषी सहायकांना पाठवावी या हेतूने मी ते पुष्कळ वापरून पाहिले. फुलकिडे त्यात दिसतात, पण ओळखू येत नाहीत. मुख्य भिंगाने थोडे लांबून चित्र काढून ते मोठे केले तर अधिक स्पष्ट दिसतात. ते दुसरे भिंग माझ्या मते दागिना आहे.

बॅटरीच्या बाबतीत मात्र मी या फोनला पैकीच्या पैकी देईन. पाच हजार मिलिअँपिअर-तास म्हणजे नेमके किती, ते आपल्या ओळखीच्या मापात पाहू. बॅटरीचा दाब सुमारे ३.८५ व्होल्ट धरला तर तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. नऊ वॅटचा एलईडी दिवा एवढ्यावर दोन तास जळेल. तेवढ्यातच हा फोन चौघांचे कामकाज दीड दिवस चालवतो, ही मला थोर गोष्ट वाटते. आपल्याकडे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला वडील पाणी द्यायला जातात तेव्हा हाच फोन विजेरी असतो. शिरूर तालुक्यात बिबट्याचा वावर काय आहे ते मी सांगावयास नको. त्या वेळी बॅटरी किती उरली आहे हे घरात आम्ही जेवणाआधी विचारतो. एक सावधगिरी : लिथियमच्या बॅटरीला उष्णतेचे वावडे असते. उन्हात ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर किंवा चालू चार्जरवर उशीखाली फोन ठेवला तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. ३३ वॅटचा जलद चार्जर दिला आहे तो चांगलाच; पण रात्रभर लावून ठेवायचा असेल तर जुना, सावकाश चालणारा पुरतो.

मराठीचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्यावर लिहायला लागलो की थांबवत नाही. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याच्या कामात पुण्याचा वाटा मोठा आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान पुढे सी-डॅक या संस्थेने वाढवले, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य ठाणे पुण्यात आहे. सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी असलेला इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ चा. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला तिच्यात १२८ जागांचा विभाग मिळाला. तरीही पहिल्या काही वर्षांच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर आला की नुसते चौकोन दिसत. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर सर्व बावीस भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे मानक २०१६ मध्ये ठरले आणि नंतर ते सक्तीचे झाले. म्हणजे आज माझ्या फोनवर मराठी दिसते ती कोणाच्या मेहेरबानीने नव्हे, नियमाने.

दिसते खरी, पण कशी? राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढला आणि २०२२ मध्ये तो सुधारला. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण हिंदीहून वेगळे असते आणि आपण शाळेत मराठी वळणच गिरवले. फोनवर मात्र बहुधा हिंदी वळण येते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्या आनंदाचे निरोप आम्ही एकमेकांना पाठवले, तेही हिंदी वळणाच्या ‘ल’ आणि ‘श’नेच! ज्याला हे क्षुल्लक वाटेल त्याने पहिलीतल्या मुलाला फोनवरून अक्षरे गिरवायला लावून पाहावे.

लिहिण्याची तऱ्हा तर याहून वेगळी. आमच्या वर्गातले बहुतेक जण रोमन अक्षरांत मराठी लिहितात आणि कळफलक त्याची देवनागरी करतो. पण ‘केएएलए’ या चार अक्षरांतून कला, काळा, काला, कळा यांपैकी काय हवे ते त्याने कसे ओळखावे? तो अंदाज करतो, आणि अंदाज पुष्कळदा हिंदीकडे झुकतो. ‘ळ’साठी थांबून निवड करावी लागते, म्हणून निरोपांमधून ‘ळ’ कमी होऊ लागला आहे. ‘शाळा’ची ‘शाला’ झालेली मी रोज पाहतो. ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ यांतला अर्धा र तर कित्येकांना कुठे दडला आहे हेच ठाऊक नाही. मी स्वतः इन्स्क्रिप्ट शिकलो. पंधरा दिवस बोटे अडखळली, त्यानंतर ‘ळ’ आणि ‘ऱ’ दोन्ही हाताशी आले. या लेखाचा पहिला खर्डा मी फोनवरच लिहिला आहे. मराठी विशेष विषय घेणाऱ्या मित्रमैत्रिणींना माझी आग्रहाची सूचना आहे की, त्यांनी हा कळफलक शिकावा. परीक्षेत त्याचे गुण नाहीत, तरी शिकावा.

आईला यातले काहीच नको. ती बोलते आणि फोन लिहितो. २०१७ च्या सुमारास मराठीत ही सोय आली. फोन तिच्या आवाजाच्या लहरी इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे पाठवतो आणि असंख्य मराठी वाक्यांवर घडवलेला तो संगणक सर्वांत संभाव्य शब्द निवडून परत देतो. गोष्ट थक्क करणारी आहे. चौथी शिकलेली माझी आई आता मजूर बायकांच्या गटाला रोज निरोप पाठवते. परंतु संगणकाने जी वाक्ये ऐकली आहेत ती बहुधा शहरी असावीत. आई म्हणते, “उद्या बाया येनार हायेत,” तर पडद्यावर उमटते ‘उद्या बाया येणार आहेत’. इथपर्यंत ठीक, कोणाला वाटेल, भाषा सुधारली. पण एकदा ती म्हणाली, “सकाळी दारं धरायचंय,” आणि निरोप गेला ‘सकाळी दार धरायचं आहे’. पाटातून वाफ्यात पाणी सोडणे याला आपल्याकडे दारे धरणे म्हणतात, हे त्या संगणकाला कोणी सांगितलेले नाही. दुसऱ्या दिवशी मजूर बायांनी तिला विचारले, “कुणाच्या घरचं दार धरायचं?” आठवडाभर शिवारात तीच थट्टा चालली होती. आपल्या बोलीतले असे शब्द गोळा करून कोणी तरी ध्वनिमुद्रित करून ठेवले पाहिजेत. हे काम आपल्या मराठी विभागाला करता येईल, आणि त्यासाठी साधन म्हणून असा एखादा फोन पुरेसा आहे.

राहिलेल्या गुणांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्रोसेसर आमच्या कामाला पुरून उरतो. खेळ खेळणाऱ्यांनी तो दुसऱ्याला विचारावा. पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो, त्यामुळे पाने गुळगुळीत सरकतात. साठवर ठेवला तरी काही बिघडत नाही आणि बॅटरी वाचते. ५-जी देशात १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाले. शिरूर शहरात ते मिळते; गावात फोनच्या कोपऱ्यात ती खूण येते-जाते, तिच्या भरवशावर राहू नये. इयरफोनची गोल खाच या फोनला नाही, आणि एफएम रेडिओला इयरफोनची तारच अँटेना म्हणून लागते. म्हणून आकाशवाणी पुणे ऐकण्यासाठी वडिलांनी जुना साधा फोन जपून ठेवला आहे. हे मला या फोनचे खरोखरीचे उणे वाटते.

दुरुस्तीचे पाहू. पूर्वीच्या फोनचे मागचे झाकण नखाने निघे आणि बॅटरी बदलता येई. आताचा फोन डिंकाने चिकटवलेला असतो. उघडण्यासाठी दुकानात त्याला गरम करावे लागते. पडदा आणि काच एकत्र जोडलेली असल्यामुळे नुसती काच तडकली तरी सबंध डिस्प्ले बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च फोनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातो, असे दौंडच्या स्टेशन रस्त्यावरील एका कारागिराने मला हिशेब करून दाखवले. म्हणून टफन ग्लास आणि रबरी कव्हर पहिल्याच दिवशी घालावे. आतल्या पाठीचा सुंदर रंग कोणाला दिसणार नाही, त्याला इलाज नाही.

फोन घेण्यापूर्वी आणखी एक गोष्ट विचारावी, जी दुकानात कोणीच विचारीत नाही : सुरक्षेच्या सुधारणा कंपनी किती वर्षे पाठवणार? फोनमधील प्रणालीत चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या बुजवीत राहते. तो पुरवठा थांबला की फोन चालू राहतो, पण बँकेच्या व्यवहारासाठी तो दिवसेंदिवस असुरक्षित होतो. पुढे काही ॲपही त्यावर चालेनाशी होतात. आमच्या फोनला चार वर्षांचे आश्वासन आहे. ती मुदत संपेल त्या वर्षी धाकटी बहीण बारावीला असेल.